पत्रा आधी, इंजिन मग

जुनी गाडी घरी करायला घेतली की घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, कंपनीतून निघाली होती तशीच करायची. दुसरा म्हणतो, आता आपल्याला हवी तशी करायची. आमच्या घरात हे दोन पक्ष मामा आणि भाचीचे आहेत. मामा म्हणजे माझा थोरला भाऊ, एसटीच्या कार्यशाळेतून निवृत्त झालेला मेकॅनिक. भाची म्हणजे माझी मुलगी. मेकॅनिकल इंजिनिअर, नोकरी चाकणला, सुट्टीला कोल्हापूर. आणि गाडी आमच्या वडिलांची : 1994 ची पांढरी मारुती 800, कार्बोरेटरची, चार गिअरची. बरीच वर्षं ती शेडमध्ये नुसती उभी होती. आता तिचं काम काढलंय.

या दोघांचा वाद मी मन लावून ऐकत आले आहे, कारण तो फक्त आमच्या गाडीचा नाही. कितीतरी घरांच्या बोळात, सोसायटीच्या पार्किंगच्या कोपऱ्यात अशी एखादी 800, झेन, सँट्रो किंवा इंडिका कव्हराखाली उभी असते आणि तिचं काय करायचं हे ठरत नसतं. म्हणून त्यांचं बोलणं इथे देते. जिथे मला काही म्हणायचं आहे तिथे मी मधे बोलेन.

भाची : मामा, मी सरळच बोलते. तीन सिलिंडर, 796 सीसी, चाळिशीच्या आत हॉर्सपॉवर. चार माणसं बसवून खंबाटकी घाट चढताना ही गाडी दमते. हिच्या बॉनेटखाली झेनचं 993 सीसीचं इंजिन बसतं. काही जणांनी एस्टीमचं तेराशेचं इंजिनही बसवलंय. गाडीचं वजन साडेसहाशे किलोच्या आसपास. एवढ्या हलक्या अंगाला तेवढी ताकद मिळाली तर गाडी काय पळेल!

मामा : पळंल की. कोण नाही म्हणतंय? थांबंल का ते सांग.

भाची : ब्रेकही बदलू. झेनचा बूस्टर लावू, पुढच्या डिस्क मोठ्या घालू.

मामा : आणि हे सगळं बोल्टनं कशाला धरणार? पत्र्यालाच ना? मग आधी पत्रा बघ. ये, ती ड्रायव्हरच्या पायाखालची मॅट उचल.

ती मॅट उचलल्यावर काय दिसलं ते सांगायलाच हवं, कारण अशा गाडीची खरी परीक्षा तिथेच होते. वर रबरी मॅट, तिच्याखाली जाड नमदा. नमदा हाताला ओला लागला. पाऊस होऊन बरेच दिवस झाले होते, तरी ओला. पुढच्या काचेचं रबर कडक होऊन वरच्या कोपऱ्यात सुटलेलं, तिथून पाणी आत झिरपून डॅशबोर्डच्या मागून खाली उतरत होतं आणि नमद्यात मुरत होतं. नमद्याखाली कुणीतरी पूर्वी काळं अँटीरस्ट फासलेलं. मामानं स्क्रूड्रायव्हर उलटा धरून त्याची मूठ पत्र्यावर ठोकत नेली. मधल्या बोगद्यापाशी आवाज खणखणीत, दाराकडे सरकेल तसा बद्द. बद्द आवाज आला तिथे टोक टेकवून जरा दाबलं, तर ते आरपार जाऊन खालच्या फरशीवर टेकलं. काळ्या थराखाली फायबरची जाळी, तिच्याखाली लांबी, आणि लांबीखाली पत्रा नव्हताच. वाळवीनं पोखरलेल्या चौकटीसारखा नुसता आकार उरला होता.

मामा : हे बघ. गंजावर लांबी भरली, वर काळं फासलं, गाडी चकाचक. गंज आत निवांत खात बसलाय. आता ह्यावर तुझं तेराशेचं इंजिन ठेवतीस?

भाची : नाही. हे मी मान्य करते, आणि का मान्य करते तेही सांगते. जीपला खाली वेगळी चॅसी असते, तिची बॉडी गंजली तरी चॅसी ओझं पेलते. हिला वेगळी चॅसी नाही. फ्लोअर, दाराखालची पेटी, छताचे खांब हे सगळं मिळूनच सांगाडा आहे. त्यातला एक भाग कुजला की त्याचं ओझं शेजारच्या जोडावर जातं, मग तो फाटतो. ताकद वाढवली तर आणखी लवकर फाटेल. म्हणजे इंजिनाचा वाद सध्या बाजूला.

मामा : बाजूला न्हवं, मागं. पत्रा आधी, इंजिन मग. उद्यमनगरात माझ्या बरोबरीचे सगळे मिस्त्री हेच सांगतील.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात ओतकाम, लेथ, बोअरिंग हे सगळं चालतं, आणि आमच्या कामाला त्याचा मोठा आधार आहे. घरी गाडी करायची म्हणजे सगळं घरीच करायचं असं नव्हे. कुठलं काम दारात करायचं आणि कुठलं कारखान्यात न्यायचं, ही निवड आधी नीट करावी लागते. त्यात मामा फार स्पष्ट आहे.

मामा : उघडणं, साफ करणं, मोजणं, परत बसवणं घरी. सिलिंडर बोअर करणं, क्रँक घासणं, वेल्डिंग बाहेर. वेल्डिंगवाला घरी बोलवायचा असंल तर आधी पेट्रोलची टाकी उतरवून लांब ठेवायची, बॅटरीच्या तारा काढायच्या, नमदा-सीट सगळं बाहेर. आणि नुसत्या जॅकवर उभ्या केलेल्या गाडीखाली कुणीही शिरायचं नाही. खाली स्टँड लागले पाहिजेत, चाकाला दगड लागला पाहिजे. हे मी कार्यशाळेत पोरांना ओरडून सांगत आलोय.

भाची : आणि फ्लोअर एकदम सगळा कापायचा नाही, हेही लिही आई. दाराखालची पेटी कापली की गाडीचं कंबरडं वाकू शकतं. एका वेळी एकच बाजू. आधी दोन्ही खांबांच्या मधे आतून लोखंडी पट्टी आडवी टाकायची, मग कापायचं, आणि दर थोड्या वेळानं दार लावून बघायचं. दार नीट बसतंय तोवर सांगाडा जागेवर आहे.

मामा : बरोबर. कापायचं ते चकचकीत पत्रा लागेपर्यंत. गंजका काठ ठेवून त्यावर नवा तुकडा जोडला तर दोन पावसाळ्यांत परत तेच. वीस गेजचा पत्रा, सीओटू वेल्डिंग, आणि टाका इथं एक, तिथं एक असा. सरळ रेघ ओढत गेलं की पत्रा तापून फुगतो. मग जोडावर सीलर, वर झिंकचा प्रायमर, आणि पेटीच्या पोकळीत पातळ मेण सोडायचं. आणि सगळ्यात आधी त्या काचेचं रबर बदलायचं. पाणी येतंय तिथनंच गंज येतोय.

इथवर दोघांचं जमलं. खरा वाद पुढे आहे, आणि तो पत्र्याचा नाही, हेतूचा आहे.

भाची : समजा पत्रा झाला. मग मला सांगा, तुम्हाला ही गाडी कशाला हवी? चालवायला की बघायला?

मामा : चालवायला. पण हीच गाडी चालवायला. हिच्या नावाची दुसरी न्हवं. 14 डिसेंबर 1983 ला इंदिरा गांधींच्या हातून हरपाल सिंगांना पहिल्या गाडीची किल्ली मिळाली. तवा किंमत 47,500 रुपये. त्याच्या आधी आपल्याकडं काय होतं? अँबॅसेडर आणि पद्मिनी. गॅरेजला न नेता महिनोन्महिने चालणारी गाडी साध्या माणसाला पहिल्यांदा हिनं दिली. जानेवारी 2014 पर्यंत 28 लाखांच्या वर गाड्या निघाल्या. आता रस्त्यावर बघ, धड अवस्थेतली किती दिसतात? संस्थानिकांच्या रोल्स रॉइस लोक जपतात, कारण त्या थोड्या होत्या. मास्तरांची, पोस्टातल्या कारकुनाची, डॉक्टरची गाडी भंगारात जाते, कारण ती सगळ्यांकडं होती. अशानं एक दिवस एकही मूळ रूपातली उरणार नाही.

भाची : पण ती पहिली गाडी जपलीय की. कंपनीनं ती पूर्ववत करून आपल्या मुख्यालयात ठेवलीय. म्हणजे इतिहासाचं काम झालंय. शिवाय ती 1983 ची होती, सुझुकीच्या आधीच्या मॉडेलवरची. आपली गाडी 1986 ला आलेल्या नव्या बॉडीची. आपल्या गाडीसारख्याच तर लाखो होत्या. प्रत्येकानं मूळ रूप धरून बसायचं का? आणि मामा, बदल करणं हाही गाड्यांचा इतिहासच आहे. इंग्लंडमध्ये अ‍ॅलेक इसिगोनिसनं 1959 ला मिनी केली, 848 सीसीची, साध्या कुटुंबासाठी. जॉन कूपरनं तिच्यात रेसची गाडी पाहिली. 1961 ला मिनी कूपर आली, 997 सीसी. 1964 ला तिनं माँटे कार्लो रॅली जिंकली, 65 ला आणि 67 ला पुन्हा. कूपर मूळ रूपाला चिकटून बसला असता तर हे झालं असतं का?

मामा : त्या कूपरनं पुढच्या चाकांना काय लावलं होतं?

भाची : डिस्क ब्रेक.

मामा : साध्या मिनीला होते?

भाची : नाही. ड्रम होते.

मामा : मग झालं. ताकद वाढवली त्याच दिवशी थांबायची सोय केली, आणि ती कारखान्यात मोजूनमापून केली. तू म्हणतीस तसा झेनचा मास्टर सिलिंडर आणून हिच्या पेडलला जोडायचा, त्याचं गणित कोण करणार?

भाची : मी करीन. मास्टर सिलिंडरचा बोअर मोठा झाला की पेडल कमी खाली जातं, पण पाय जास्त दाबावा लागतो. बूस्टर ती कसर भरून काढतो. इंजिन बंद पडलं की बूस्टर जातो, आणि मोठा बोअर तेवढा उरतो. तेव्हा पेडल दगडासारखं घट्ट. गणित मला येतं. पण हेही खरं की ब्रेकचं गणित चुकलं तर ते रस्त्यावरच कळतं.

इथे मला माझं मत द्यायचं आहे. ब्रेकच्या बाबतीत मी मामाच्या बाजूनं आहे, पूर्णपणे. घरी काम करणाऱ्यानं ब्रेकची रचना बदलू नये. आहे ती रचना नव्यासारखी करावी. चारही चाकांचे व्हील सिलिंडर आणि कॅलिपरची रबरं, रबरी होस पाइप, मागचे लायनर, पुढचे पॅड, हे सगळं मिळतं आणि परवडतं. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, म्हणून जुनं सगळं काढून नवं भरायचं आणि मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून हवा काढत यायचं. एवढं केलं तर वजनाला हलकी असलेली ही गाडी तिच्या मूळ वेगाला नीट थांबते. आणि ज्या वेगाला ती नीट थांबते तोच तिचा वेग.

भाची : आई, तुझं म्हणणं मान्य. पण मग इंजिनाचं सांग. इंजिन बदलायला हरकत कुणाची?

मामा : सरकारची. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचं 52 वं कलम. कंपनीनं दिलेल्या आणि आरसी बुकात नोंदलेल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल करायचा नाही. 2019 च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानंही तेच सांगितलं. आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं दंड आला : दर बदलाला 5,000 रुपये, नाही तर सहा महिन्यांपर्यंत कैद, नाही तर दोन्ही.

भाची : कायदा सगळंच अडवत नाही पण. मान्यता असलेलं सीएनजी किट लावता येतं, मान्यता असलेलं विजेचं किटही लावता येतं. आरटीओत नोंद करून घ्यायची. रंगसुद्धा नोंद करून बदलता येतो. म्हणजे कायदा म्हणतो, कळवा आणि मान्यता घ्या.

मामा : आणि तेराशेचं इंजिन जंक यार्डातनं आणून बसवलं, त्याची मान्यता?

भाची : ती मिळणं कठीण, कबूल. आणि अपघात झाला तर विमा कंपनी पहिल्यांदा इंजिन नंबर बघेल.

मला हा मुद्दा दंडापेक्षा मोठा वाटतो. बदललेल्या इंजिनाच्या गाडीखाली उद्या कुणी सापडला तर भरपाईचं काय, हा प्रश्न त्या अनोळखी माणसाच्या घरादाराचा आहे. आपल्या हौसेचं ओझं त्याच्यावर टाकायचा आपल्याला हक्क नाही. घरी गाडी करणाऱ्या तरुणांना मी हे कळकळीनं सांगते.

मामा : आणि अजून एक बघ. 2021 मधे व्हिंटेज गाड्यांचे नियम आले. पन्नास वर्षं पूर्ण झालेली गाडी, चॅसी-बॉडी-इंजिनात मोठा बदल नसलेली, तर तिला व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी. पहिल्या मारुती 2033 ला तिथं पोचतील. आपली 2044 ला. इंजिन बदललंस तर तो दरवाजाच बंद.

भाची : 2044 पर्यंत आपण दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करत राहायचं. वीस वर्षांवरच्या गाडीची फी आता 10,000 रुपये झालीय, वर पर्यावरण कर, फिटनेसची तपासणी वेगळी. आणि व्हिंटेज नोंदणी झाली की ती रोजच्या वापराला नाही, प्रदर्शनाला आणि रॅलीला. मला भाजी आणायला ही गाडी हवीय, मामा.

मामा : मलाबी. तुझ्या आजोबांनी ती भाजी आणायलाच घेतली होती.

आता त्या मुद्द्यावर येते ज्यात मामा हरला. तो हरला म्हणून नव्हे, तर त्या मुद्द्यानं 'मूळ रूप' या कल्पनेलाच हात घातला म्हणून तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

भाची : मामा, ही गाडी 1994 ला निघाली तेव्हा कुठल्या पेट्रोलवर चालत होती?

मामा : शिसं घातलेल्या. शिसंविरहित देशभर आलं ते 2000 च्या फेब्रुवारीत.

भाची : म्हणजे तेव्हाच इंधन एकदा बदललं. आणि आता पंपावर काय मिळतं?

मामा : ई-20.

भाची : वीस टक्के इथेनॉल. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन तृतीयांशच ऊर्जा असते, म्हणजे लिटरमागे साधारण सहा-सात टक्के ऊर्जा कमी झाली. दुसरं, इथेनॉलच्या रेणूतच ऑक्सिजन असतो, म्हणून तेवढ्याच जेटमधून तेवढंच इंधन गेलं तर मिश्रण पातळ होतं. नव्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर असतो, कॉम्प्युटर इंधन वाढवून घेतो. आपल्या कार्बोरेटरला सेन्सर नाही. पितळी जेटचं भोक कारखान्यात ठरलं तेवढंच. मिश्रण पातळ झालं की गाडी थंडीत खोकते, चढावर ओढत नाही, इंजिन जास्त तापतं. तिसरं, जुनी रबरं. पेट्रोलची होस, पंपाचा पडदा, कार्बोरेटरची गॅस्केट हे सगळं इथेनॉलनं फुगतं नाही तर चिरतं. चौथं, इथेनॉल पाणी ओढतं. गाडी महिनाभर उभी राहिली की लोखंडी टाकीच्या तळाला गंज.

मामा : हे मला ठाऊक हाय. मागच्याच आठवड्यात फ्लोट चेंबर उघडला तर तळाला तांबूस गाळ होता.

भाची : मग मला सांगा, कंपनीनं ज्या पेट्रोलसाठी जेटचं माप ठरवलं ते पेट्रोलच उरलं नाही, तर तो जेट 'मूळ' कसा? मूळ तपशील पाळलात तर गाडी मूळसारखी चालणारच नाही. मूळसारखी चालवायची तर तपशील बदलावा लागेल.

मामा बराच वेळ काही बोलला नाही. त्यानं कार्बोरेटर टेबलावर घेतला, फ्लोट चेंबरचं झाकण काढलं, मुख्य जेट पेचकसानं सोडवून उजेडाकडे धरला.

मामा : एक नंबर मोठा घालून बघू. पण तारेनं कोरायचा नाही. जेटमधे स्टीलची तार घातली की भोक वेडंवाकडं होतं, मग ते मापात कधी येत नाही. नवा जेट आणायचा, हवा मारून साफ करायचं, प्लग काढून रंग बघायचा. पांढरट असंल तर अजून पातळ, काळा असंल तर जास्त झालं, विटकरी आला की थांबायचं. आणि हा जुना जेट डबीत घालून ठेव, वर चिठ्ठी लाव.

या शेवटच्या वाक्यात माझ्या मते सगळ्या वादाचा निकाल आहे. आमच्या जिल्ह्यात ऊस पिकतो, साखर कारखान्यांत इथेनॉल होतं. तेच इथेनॉल पंपावरून परत आमच्या गाडीत येतं. त्याच्याशी जुळवून घेणं हा चैनीचा बदल नाही, गाडी जिवंत ठेवायची तर तो करावाच लागतो. पण जुना भाग डबीत ठेवला, तर उद्या कुणालाही गाडी होती तशी करता येईल. जो बदल परत फिरवता येतो तो करायला हरकत नाही. जो कापून, भोक पाडून, जाळून होतो, तो शंभरदा विचार करून, आणि शक्यतो नाहीच.

हा निकष लावला की पुढचे बरेच वाद झटपट मिटतात. इथेनॉल सोसणारी होस, नवा पंप, टाकी उतरवून आतून धुणं : होय. अलॉय चाकं?

भाची : तेरा इंची चाकं छान दिसतील, पण गणित केलं मी. आत्ताचा टायर 145/70 आर 12, त्याचा व्यास 508 मिलिमीटर. 145/70 आर 13 घातला तर 533. पाच टक्के मोठा. स्पीडोमीटर 60 दाखवेल तेव्हा गाडी 63 नं पळत असेल, आणि चढावर तिसरा गिअर आणखी लवकर हार मानेल. म्हणून चाकं बाराचीच ठेवू. टायर नवे.

मामा : शाब्बास. आणि दिवे?

भाची : दिव्यांवर माझा आग्रह आहे. आत्ता हेडलाइटचा सगळा करंट स्टिअरिंगखालच्या स्विचमधून जातो. साठ-साठ वॉटचे दोन बल्ब, बारा व्होल्ट, म्हणजे दहा अँपिअर. तीस वर्षांच्या तारेत तेवढाही जड जातो, बल्बपर्यंत व्होल्टेज पोचतच नाही. लोक मग शंभर वॉटचे बल्ब घालतात, तेव्हा सतरा अँपिअर होतो आणि स्विच वितळतो. मी रिले लावणार, बॅटरीपासून थेट जाड तार, मधे फ्यूज, आणि बल्ब तेच साठचे. एलईडी नको, या रिफ्लेक्टरमधे तो समोरच्याच्या डोळ्यांत जातो. जुनं वायरिंग कापायचं नाही, जुन्याच कनेक्टरवर चढवायचं.

मामा : हे एसटीत आम्ही केलं असतं तर रात्रीचे ड्रायव्हर दुवा देत राहिले असते. कर.

रंगाबद्दल मात्र मी दोघांनाही थांबवलं. मुलीनं स्प्रे गन आणि कॉम्प्रेसर मागवायचं ठरवलं होतं. हल्लीच्या टू-के पीयू रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. ते श्वासातून गेलं की दमा जडू शकतो, आणि एकदा जडला की पुढे थोड्याशा वासानंही उसळतो. नाकाला रुमाल बांधून किंवा साधा मास्क लावून ते अडत नाही. त्याला बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मास्क लागतो. गल्लीत, शेजारच्या घरांच्या खिडक्या उघड्या असताना हे काम करायचं नाही. घासणं, प्रायमरपूर्वीची तयारी, 80 च्या कागदापासून 800 पर्यंत हात चालवणं हे घरी होईल. शेवटचा रंग रंगाच्या बूथमध्येच. आणि पावसाळ्यात नाही. दमट हवेत काही रंगांवर पांढुरकी झाक येते आणि प्रायमरखाली ओल अडकली तर फोड येतात.

रंग पांढराच राहणार. आरसीवर पांढरा आहे, आणि मामाला तेवढं तरी मिळायला हवं असं मुलगीच म्हणाली.

सुटे भाग हा अशा कामातला सर्वांत मोठा धसका असतो, पण 800 च्या बाबतीत तो फारसा नाही. ओम्नीला हेच 796 सीसीचं इंजिन होतं आणि ओम्नी 2019 पर्यंत निघत होती, त्यामुळे इंजिनाचे बहुतेक भाग आजही मिळतात. पुण्यात नाना पेठेत, मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडला थोडं फिरलं की उरलेलंही हाती लागतं. मिळत नाही ते आतलं : दाराचं ट्रिम, डॅशबोर्डचं प्लॅस्टिक, मूळ कापडाच्या सीट. म्हणून भंगारात निघालेली एखादी 800 दिसली तर इंजिनाआधी तिच्या आतल्या वस्तू बघाव्यात. इंजिन पुन्हा बांधता येतं. डॅशबोर्डचा तडकलेला कोपरा कुणी बांधून देत नाही.

भाची : म्हणजे शेवटी इंजिन हेच राहणार.

मामा : हेच. उद्यमनगरातनं बोअर करून आणू, ओव्हरसाइज पिस्टन घालू, टायमिंग बेल्ट नवा, हेडचे बोल्ट मधनं बाहेर अशा क्रमानं टॉर्क रेंचनं आवळू. तुला खंबाटकी तिसऱ्या गिअरमधे चढायचीय ना? कॉम्प्रेशन नीट मिळालं तर आपण दोघं बसून चढू.

भाची : आणि चौघं बसून?

मामा : दुसरा गिअर कशाला दिलाय?

मला स्वतःला विचाराल तर दोघांपैकी एकच बरोबर आहे असं मी म्हणणार नाही, पण क्रमाच्या बाबतीत मामा बरोबर आहे आणि इंधन-दिव्यांच्या बाबतीत भाची. ज्यांच्या घरी अशी गाडी उभी आहे त्यांना माझी एवढीच विनंती आहे. इंजिनाची, अलॉयची, साउंड सिस्टिमची यादी करायच्या आधी, येत्या पावसाळ्यापूर्वी एका सकाळी चारही मॅट आणि डिकीतली स्टेपनी उचला, नमद्याला हात लावून बघा आणि स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं पत्रा ठोकून बघा. आवाज बद्द आला, तर पहिला पैसा तिथे घाला.